डाउनलोड्स ६३, नातेवाईक ४१!

गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर लोक सोनं घेतात, बाइक घेतात, हिंजवडीत वन बीएचके बुक करतात. मी ॲप लाँच केलं! गूगल प्ले स्टोअरवर, स्वतःच्या नावानं, स्वतः कोड लिहून. इंजिनिअरिंग कॉलेजची पायरीही न चढलेल्या मास कम्युनिकेशनवाल्या मुलीनं. कॉलर एकदम टाइट!

आठवड्याभरानं आकडा बघितला. डाउनलोड्स ६३. मग वही-पेन घेऊन बसले. दोन मामा, तीन मावश्या, आत्याचे दीर, चुलतभावाच्या सासरची मंडळी... एकूण नातेवाईक ४१. उरलेले २२ म्हणजे कॉलेजचा ग्रुप, रूममेट्स आणि रूममेट्सचे (त्या आठवड्यातले) बॉयफ्रेंड्स. मला न ओळखणाऱ्या एकाही माणसानं माझं ॲप घेतलेलं नव्हतं. एकानंही!

ऑफिसात बॉसच्या नावानं बोटं मोडताना तुमच्याही डोक्यात कधी ना कधी आलंच असेल, ‘साला, एक ॲप बनवू आणि जॉबला रामराम ठोकू.’ तर मंडळी, तो प्रयोग मी तुमच्या वतीनं करून बघितलाय. रिपोर्ट पुढे.

आयडिया तर सॉलिड होती

माझ्या ॲपचं नाव ‘खाडा’. मेसचा डबा लावलेल्या कुणालाही खाडा म्हणजे काय हे सांगायला नको. आज ऑफिसात पार्टी आहे, डबा नको, झाला खाडा. वीकएंडला गावी चाललोय, खाडा. महिन्याच्या शेवटी बिलातून तेवढे पैसे वजा. आता खाडे लक्षात कोण ठेवणार? माझ्या खोलीत कॅलेंडरवर फुल्या मारलेल्या असतात, त्यातली निळी फुली डब्याची की गॅस सिलिंडरची हे मलाच आठवत नाही. म्हणून ॲप. दुपार, रात्र, दोन बटणं. दाबलं की खाडा नोंदला, महिनाअखेर बिल तयार.

कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीतच डबा खाणारी दीडशे पोरं असतील. पुण्यात किती, मुंबई-ठाण्यात किती! मनातल्या मनात मी गुणाकार करत सुटले होते. मोबाइल ॲपच्या बाबतीत हा गुणाकार फार गोड वाटतो. १० जुलै २००८ ला ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं तेव्हा तिथे साधारण ५०० ॲप्स होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलचं अँड्रॉइड मार्केट आलं. एकट्या माणसाला दुकान नाही, सीडी नाही, डिस्ट्रिब्युटर नाही, थेट जगाच्या खिशात! हनोईच्या दाँग न्युएन या तरुणानं काही दिवसांत बनवलेला फ्लॅपी बर्ड हा गेम मे २०१३ मध्ये आला, जानेवारी २०१४ मध्ये जगभर पसरला आणि जाहिरातींतून दिवसाला ५० हजार डॉलर मिळतात असं त्यानं स्वतः सांगितलं.

मला ही गोष्ट इथपर्यंतच माहीत होती. पुढची नंतर वाचली. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यानं तो गेम स्वतःच काढून टाकला, कारण त्या सगळ्या गदारोळात त्याचं साधं आयुष्यच हरवलं होतं. आणि त्याआधी सात-आठ महिने तो गेम स्टोअरवर होता तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलेलं नव्हतं.

कोड नावाचं प्रकरण

दिवाळीनंतर सुरुवात केली. अँड्रॉइड स्टुडिओ फुकट मिळतो. पण माझ्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तो उघडला की पंखा असा घोंगावायचा, की रूममेट विचारायची, ‘मिक्सर लावलायस का?’ आयफोनसाठी ॲप करायचं तर ॲपलचा एक्सकोड लागतो, तो फक्त मॅकवर चालतो, वर दरवर्षी ९९ डॉलर. गूगलकडे एकदाच २५ डॉलर. फ्रीलान्सरचा निर्णय एका सेकंदात झाला.

मी फ्लटर निवडलं. गूगलचंच आहे, त्यात डार्ट नावाच्या भाषेत कोड लिहायचा. फंडा असा, की एकदा लिहिलेलं अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे चालू शकतं. आणि कोडमध्ये एक शब्द बदलला की तो लगेच स्क्रीनवर दिसतो. याला हॉट रिलोड म्हणतात. माझ्यासारख्या अधीर बाईसाठी हे वरदान! पहिल्या दिवशी बटणाचा रंग बावीस वेळा बदलला. शिकले काहीच नाही, पण मज्जा आली.

तुम्ही म्हणाल, आता एआयला सांगितलं की कोड मिळतो, त्यात काय एवढं? मिळतो की! मीसुद्धा मागितला. पण तो चालतो का आणि बरोबर चालतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर द्यायला कोड वाचता यावा लागतो. तो मला अर्धामुर्धाच येत होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

पाच महिने रोज सकाळी सहा ते नऊ. त्यासाठी दोन मोठी लिखाणाची कामं सोडली. त्यातलं एक काम म्हणजे माझं तीन महिन्यांचं भाडं होतं. आईला सांगितलंच नाही.

बारा टेस्टर, चौदा दिवस

ॲप तयार झालं की स्टोअरवर टाकायचं, हा माझा समज. गूगलचा नियम वेगळा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर पर्सनल अकाउंट उघडलं असेल, तर आधी क्लोज्ड टेस्टिंग करावं लागतं. सुरुवातीला २० टेस्टर लागायचे, डिसेंबर २०२४ पासून १२. त्यांनी सलग १४ दिवस टेस्टमध्ये राहायला हवं.

बारा माणसं! लग्नात आहेर घेऊन येणारी बाराशे निघतील, पण चौदा दिवस गप्प बसून ॲप ठेवणारी बारा? मामांनी दहाव्या दिवशी ‘लीव्ह टेस्ट’वर बोट ठेवलं. ‘मला वाटलं, परीक्षा संपली!’ अकरा उरले. नवा टेस्टर शोधला आणि पुन्हा एकपासून मोजणी.

मग बाकीची कागदपत्रं. प्रायव्हसी पॉलिसी हवी, ॲप कुठला डेटा घेतं ते जाहीर करायला हवं. ॲपच्या नावाला ३० अक्षरं, छोट्या वर्णनाला ८०. आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी यांचं भाडं वेगळं! आपण ‘खाडा’ दोन अक्षरी म्हणतो, कॉम्प्युटर चार मोजतो. शिवाय मराठी माणूस स्टोअरवर शोधताना बरेचदा रोमन लिपीत टाइप करतो. त्यामुळे वर्णनात दोन्ही लिप्या कोंबायच्या.

हे सगळं मी हसत केलं. कारण यानंतर येणारी गोष्ट माझ्या हातचा मळ होती. मार्केटिंग! अहो, दोन वर्षं तेच तर शिकलेय.

प्रेसनोट, पोस्टर आणि चार डाउनलोड्स

रीतसर प्रेसनोट लिहिली. इन्स्टाग्रामवर रील टाकलं, त्यात रूममेटला डबा उघडून दचकायला लावलं. कर्वेनगर, कोथरूड, वारज्यात पोस्टर्स चिकटवली. टॅगलाइन तर अशी जमली, की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. ‘मेसला एक रुपयाही जास्त देऊ नका!’

एका पेपरात दोन इंची बातमीही आली. आईनं कापून ठेवली. त्या दिवशी डाउनलोड्स किती? चार. त्यातली एक आई.

तीन आठवड्यांनी बघितलं तर ६३ पैकी फक्त ९ फोनवर ॲप शिल्लक होतं. जाहिराती लावल्या होत्या, त्यातून पहिल्या महिन्यात मिळाले तीस सेंट्स. जाहिरातींचे पैसे १०० डॉलर जमल्याशिवाय खात्यात येत नाहीत. हिशोब केला, या स्पीडनं पहिला चेक मिळेपर्यंत मी पंचावन्न वर्षांची झालेली असेन.

कोड अवघड आणि मार्केटिंग सोपं, असं मी धरून चालले होते. कोडनं मला पाच महिने रडवलं, पण शेवटी तो चालला. मार्केटिंग एका दिवसात झालं आणि अजिबात चाललं नाही.

काकूंचा फोन

एप्रिलअखेर आमच्या डब्याच्या काकूंचा फोन आला. चार वर्षं त्यांचा डबा खातेय. आवाज नेहमीचा नव्हता.

‘अगं, ते खाड्याचं यंत्र तू काढलंयस ना?’

‘हो काकू!’ मला वाटलं, कौतुक आहे.

‘तुझ्या सोसायटीतला तो चष्मेवाला मुलगा येऊन बसलाय. म्हणतो, सहा खाडे झाले. माझ्या वहीत चार आहेत. म्हणतो, ॲपमध्ये आहे म्हणजे आहे. तूच ये आणि सांग.’

गेले. मुलगा फोन पुढे करून बसलेला, काकू वही पुढे करून. प्रश्न दोन डब्यांचा, ८० रुपयांप्रमाणे १६० रुपयांचा. एक खाडा त्यानं रविवारी रात्रीचा लावला होता. आता रविवारी रात्री मेसला सुट्टी असते हे पुण्यातल्या उंदरालाही माहीत आहे. माझ्या ॲपला माहीत नव्हतं, कारण मी ते त्याला सांगितलंच नव्हतं!

दुसरा खाडा चौदा तारखेचा.

‘चौदाला? चौदाला मसालेभात होता,’ काकू म्हणाल्या. ‘यानं फोन करून जास्तीचा मागून घेतला. दहा रुपये वेगळे लावलेत, हे बघ.’

मुलगा गडबडला. ‘पण मी पंधराचा खाडा टाकला होता. रात्री साडेबाराला, झोपताना.’

माझ्या पोटात गोळा आला. साडेबारा. मी तिथेच लॅपटॉप उघडला. एआयनं लिहून दिलेल्या कोडमध्ये तारीख जागतिक वेळेनुसार साठवली जात होती. आपलं घड्याळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत जो कुणी बटण दाबेल, त्याची नोंद आदल्या दिवशी पडणार. मी सकाळी सहाला उठून टेस्ट करायचे आणि माझे मामा-मावश्या दहाला झोपतात. कुणाला दिसणार?

म्हणजे माझ्या कोडनं एका बाईला खोटं ठरवलं होतं. आणि माझ्या पोस्टरनं त्याआधीच तिला चोर ठरवलं होतं. ‘मेसला एक रुपयाही जास्त देऊ नका.’ ते पोस्टर काकूंच्या गेटसमोरच्या खांबावर तीन आठवडे होतं. त्या रोज ते वाचत होत्या. मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत आणि माझा डबाही चुकला नाही.

मी १६० रुपये पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. ‘पैशाचं राहू दे. उद्या रात्री साडेआठला ये. बस इथे आणि बघ, खाडा म्हणजे काय असतो.’

नऊच्या आत

तीन रात्री बसले. काकूंकडे ४२ डबे. नियम एकच, उद्याचा खाडा आज रात्री नऊच्या आत कळवायचा. नऊ वाजता त्या गिऱ्हाइकं मोजतात, मग कडधान्य किती भिजवायचं ते ठरतं. सकाळी मंडईतून भाजी किती, ते ठरतं. पोळ्या करायला येणाऱ्या ताई पोळीवर पैसे घेतात. डब्याला तीन पोळ्या, म्हणजे ४२ डब्यांच्या १२६. पाच खाडे आधी कळले तर १११. नऊनंतर कळले तर त्या पंधरा पोळ्या होतात, त्यांचे पैसे जातात आणि मग त्या पोळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरतो.

आणि हे पाच खाडे कळतात कसे? दोन व्हॉट्सॲपवर, एक मिस्ड कॉल, एक डबे पोचवणाऱ्या दादाच्या तोंडी निरोप, एक थेट दुसऱ्या दिवशी. काकू एका हातानं कुकरची शिटी काढतायत, दुसऱ्या हातानं फोन, वहीवर पिठाची बोटं. तिसऱ्या रात्री एक निरोप वहीत जायचा राहिला. माझ्यासमोर. त्या अगदी प्रामाणिक आहेत, पण त्यांना हात दोनच आहेत.

मी आजवर ॲप बनवलं होतं चष्मेवाल्यासाठी. ज्याचे महिन्याला १६० रुपये वाचले किंवा गेले तरी रविवारच्या पिझ्झ्यावर फरक पडत नाही. म्हणूनच तो तीन आठवड्यांनी ते काढून टाकत होता. त्याला गरजच नव्हती! गरज होती ती ओट्याजवळ उभ्या असलेल्या बाईला, रोज, नऊ वाजता. आणि माझ्या प्रेसनोटमध्ये ती खलनायिका होती.

मुंबईच्या लोकलवाल्यांना एम-इंडिकेटर माहीत असेलच. सचिन टेके यांनी ते २०१० साली आणलं, तेव्हा साध्या जावा फोनवर चालायचं. लोकलचं टाइमटेबल इंटरनेटशिवाय खिशात. प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला त्या मिनिटाला काय हवंय, तेवढंच. हे उदाहरण मी कॉलेजात प्रेझेंटेशनमध्ये वापरलं होतं. समजलं मात्र काकूंच्या ओट्याशी.

पिठाच्या बोटांसाठी

जुनं ॲप मी स्टोअरवरून काढलं. ६३ जणांपैकी कुणीही ‘का?’ म्हणून विचारलं नाही. काळीज थोडं चरकलंच.

नवं ॲप काकूंसाठी. ४२ नावं, मोठ्या अक्षरांत. ज्याचा खाडा त्याच्या नावावर बोट ठेवलं की नाव फिकं होतं. वर मोठ्ठा आकडा, ‘उद्या डबे ३७, पोळ्या १११’. रात्री नऊनंतर टाकलेला खाडा वेगळ्या रंगात, बिलातून वजा न होणारा. रविवारी रात्र आपोआप बंद. महिनाअखेर प्रत्येकाचं बिल तारखांसकट व्हॉट्सॲपवर पाठवायची सोय. बटणं एवढी मोठी, की पिठाच्या बोटानंही दाबली जावीत. सगळा डेटा फोनमध्येच, एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये. सर्व्हर नाही, सर्व्हरचं भाडं नाही. फोन हरवला तर? म्हणून दर रविवारी बॅकअप घ्यायची आठवण.

आणि तारखा? तो भाग मी ओळ न् ओळ स्वतः लिहिला. रात्री बारा, साडेबारा, पहाटे पाच, अलार्म लावून उठून टेस्ट केला. ३१ तारीख, फेब्रुवारी, लीप वर्ष, सगळं! रूममेटनं तेव्हा मला वेड्यात काढलं.

या वेळी प्रेसनोट नाही, रील नाही, पोस्टर नाही. काकूंनी पंधरा दिवस वापरलं, नऊ गोष्टी बदलायला लावल्या. (‘ते लाल कशाला? मला वाटतं, गॅस लीक झालाय.’) मग एक गंमत झाली. आमच्या डबे पोचवणाऱ्या दादाकडे तीन मेसचे डबे असतात. बाकीच्या दोघींचे डबे मोजताना रोज गोंधळ, काकूंचे मात्र बरोबर. त्यानंच त्या दोघींना सांगितलं. त्यांनी त्यांच्या भिशीत सांगितलं. त्यातल्या एकीनं वाण्याकडे. जाहिरातीवर एक रुपया खर्च न करता जुलैपर्यंत १७ मेस झाल्या. त्यातल्या चौदा जणींना मी आजही ओळखत नाही!

मास कम्युनिकेशन शिकले खरं, पण आधी एकीशी नीट कम्युनिकेट करायचं असतं, हा चॅप्टर आमच्या सिलॅबसमध्ये नव्हता.

‘किती घेणार?’

आता खरी परीक्षा. काकूंनी एक दिवस विचारलं, ‘महिन्याचे किती घेणार?’

मी नेहमीप्रमाणे पुटपुटले, ‘छे हो काकू, फ्री आहे.’ तुम्ही फ्रीलान्सर असाल तर हा रोग तुम्हाला माहीत असेल. काम करताना जीभ चालते, पैसे सांगताना लुळी पडते.

‘फ्री?’ काकूंनी पोळी लाटता लाटता मान वर केली. ‘म्हणजे तुला कंटाळा आला की बंद करशील. माझी वही तर मी आता टाकून दिली. पैसे घेतलेस तर निदान माझा फोन तरी उचलशील.’

मी गप्प. कारण कंटाळ्याचा विचार आलाच होता. गूगल दरवर्षी ऑगस्टअखेरीच्या सुमाराला नियम बदलतं, ॲप नव्या अँड्रॉइड व्हर्जनला जुळवून अपडेट करावं लागतं. म्हणजे हे लग्नासारखं आहे, लाँचच्या दिवशी संपत नाही. फुकट देणारी मी दोन वर्षांनी कुठल्या तरी नोकरीत रमले, तर या सतरा जणी रात्री नऊ वाजता काय करणार होत्या?

ठरवलं. महिन्याला ४९ रुपये. पण पर्सनल अकाउंटवर पैसे घ्यायचे, तर प्ले स्टोअर तुमचा पूर्ण पत्ता सगळ्यांना दाखवतं. तीन मुली भाड्यानं राहतात तो पत्ता जगजाहीर करायचा? पोटात धस्स झालं. माझ्या कागदपत्रांवर पत्ता गावच्या घराचा आहे, तोच अकाउंटला लागला. म्हणजे बाबांना सांगणं आलं. ॲप, सोडलेली कामं, संपत आलेलं सेव्हिंग, सगळंच. फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, ‘एखादी मेसवाली तक्रार घेऊन दारात आली, तर चहा पाजीन आणि तुझा नंबर देईन.’ आईनं मात्र दोन दिवस अबोला धरला.

२०२१ साली ॲपल आणि गूगल दोघांनीही छोट्या डेव्हलपरांसाठी कमिशन ३० वरून १५ टक्क्यांवर आणलं, हे माझ्या नशिबानं माझ्या आधीच झालं. पहिल्या महिन्यात १७ पैकी ११ जणींनी पैसे भरले. ५३९ रुपये, त्यातून गूगलचा वाटा गेला. माझ्या डब्याचं आठवड्याचं बिलसुद्धा त्यातून निघत नाही. दोघींनी ॲप बंद केलं, चौघी ‘बघू’ म्हणतायत. लिखाणाची कामं मी पुन्हा घ्यायला लागलेय. जॉबला रामराम वगैरे विसरा.

पण फोन मात्र उचलते. परवा रात्री पावणेनऊला वारज्याहून एकींचा आला होता, आकडा हलत नव्हता. माझी लाँच पार्टी म्हणजे हीच!

तुम्हालाही ट्राय करायचंय?

* कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ज्याच्यासाठी ॲप आहे त्याच्या शेजारी तीन दिवस बसा. तुमच्या रूममेटला ‘आयडिया कशी वाटली’ विचारू नका. ती छानच म्हणणार.
* डाउनलोड्स मोजू नका. तीन आठवड्यांनी किती फोनवर ॲप उरलंय आणि त्यातले नातेवाईक किती, ते मोजा.
* एआयकडून कोड जरूर घ्या. पण पैसे, तारखा आणि दुसऱ्याचा हिशोब यांचा कोड स्वतःला समजल्याशिवाय बाहेर सोडू नका.
* बारा टेस्टरांत किमान एक जण रात्री उशिरा झोपणारा घ्या. पंधरा घ्या म्हणजे एखादे मामा गळले तरी चालतील.
* टॅगलाइन लिहिली की विचारा, हे वाचून कुणाला अपमान वाटेल? ती व्यक्ती तुमची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक असू शकते.
* किंमत आरशासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणा. हसू न येता म्हणता येईपर्यंत.

ता. क. : मागच्या गुरुवारी एका मुलाखतीत अडकले आणि खाडा कळवायचा राहिला. सव्वानऊला फोन केला. ‘काकू, उद्याचा खाडा धरा ना प्लीज, पंधराच मिनिटं उशीर झालाय.’

‘मी धरला असता गं,’ काकू म्हणाल्या, ‘पण ॲप घेत नाही!’

८० रुपये गेले. आणि खरं सांगू? बिल बघून मला जाम आनंद झाला.